कार्ड गेमचा सहकारी, कथाप्रधान प्रकार रचताना: आधी शत्रूची पाळी, मग कथा

कलेक्टिबल कार्ड गेम म्हणजे जमवलेल्या कार्डांतून आपला संच बांधून खेळायचा खेळ. त्याचा सहकारी प्रकार (सगळे मिळून एका शत्रूशी) स्वतः रचणाऱ्यांचे डाव बहुतेकदा एकाच तऱ्हेने फसतात. चार पानांची कथा लिहून तयार असते. शेवटच्या राक्षसाला १०० लाइफ (शून्य झालं की हार, असा आकडा) दिलेलं असतं. त्याची बाजू कुणीतरी एक मित्र आपलं नेहमीचं डेक (कार्डांचा संच) घेऊन खेळतो. डाव सुरू झाला की बराच वेळ वाचनात जातो. मग एखादं तगडं डेक चौथ्या-पाचव्या फेरीत राक्षसाला संपवतं, नाहीतर एक भिडू लवकर बाद होतो आणि उरलेला वेळ नुसता बघत बसतो. त्यानंतर रचणारा कथा सुधारायला घेतो. खरं तर दोष कथेत नसतो, कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

सहकारी डावात भिडूंना कथा जाणवते ती शत्रू काय करतो यातून. तो कुणावर धावून येतो, कशाने चिडतो, त्याला किती वेळ हाती आहे, हे नियमांत नसेल तर वाचून दाखवलेला मजकूर कितीही चांगला असला तरी वरवरचा राहतो. म्हणून इथे शत्रूची पाळी आधी येते आणि कथेचा मजकूर जवळजवळ शेवटी. आकडे मुख्यतः 'मॅजिक: द गॅदरिंग'चे घेतले आहेत, कारण ते बहुतेकांना पाठ असतात: किमान ६० कार्डांचं डेक, सुरुवातीला हातात ७ कार्डं, २० लाइफ. दुसरा कुठला खेळ असेल तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

## १. तयारी: कोणती कार्डं, किती भिडू, किती वेळ

पहिली ओळ लिहिण्याआधी तीन गोष्टी ठरवून कागदावर उतरवा: किती भिडू, साधारण किती फेऱ्या, आणि डेक कुणाची. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच सुटून जातो.

डेकचे तीन मार्ग आहेत. प्रत्येकाने आपलं डेक आणायचं, तुम्ही बांधून दिलेली डेक वापरायची, किंवा साध्या डेकपासून सुरुवात करून कथेबरोबर ती वाढवायची. पहिला मार्ग सोपा वाटतो, पण रचणाऱ्यासाठी तोच सगळ्यात अवघड आहे. एक डेक पाचव्या फेरीत सामना संपवणारं आणि दुसरं आठव्या फेरीपर्यंत रांगणारं असेल, तर दोघांना पुरून उरणारा शत्रू बांधताच येत नाही. पहिल्या प्रयत्नात बांधून दिलेली डेकच वापरा. भिडूंना नाखुशी वाटली तर प्रत्येकाला ५ कार्डं बदलायची मुभा द्या, त्याहून जास्त नको.

साहित्य साधं हवं. शत्रूच्या कार्डांसाठी मागून वेगळ्या रंगाची अपारदर्शक स्लीव्ह (कार्डाचं प्लास्टिकचं वेष्टण), कोऱ्या चिठ्ठ्या, पेन्सिल, काउंटर (मोजणीच्या टिकल्या), दोन-तीन फासे आणि एक वही. प्रत्येक स्लीव्हमध्ये एक फालतू कार्ड घाला आणि त्याच्यापुढे चिठ्ठी सरकवा. खोडरबराने खोडता येत नाही अशी एकही वस्तू या टप्प्यावर बनवू नका. छापलेलं सुंदर कार्ड बदलायला हात धजत नाही आणि चुकीचा नियम तिथेच ठाण मांडून बसतो.

तपासणी: भिडू, फेऱ्या आणि डेक यांची उत्तरं एका ओळीत सांगता येतात का? 'तीन भिडू, आठ फेऱ्या, बांधून दिलेली डेक' इतकं नेमकं हवं.

## २. संघर्ष एका ओळीत, आणि दोन घड्याळं

आता कथा नव्हे, कथेचा कणा ठरवा. कुणाला काय हवंय, ते कधीपर्यंत हवंय आणि आड कोण येतंय. लेखभर वापरण्यासाठी एक उदाहरण घेऊ: जखमी दूताला जंगलातून किल्ल्यापर्यंत पोचवायचं आहे आणि पाठलाग करणारे मागे लागले आहेत.

यातून दोन घड्याळं निघतात. एक भिडू पुढे ढकलतात: वाटेची ५ कार्डं, ओळीने मांडलेली, एकेक पार करायची. दुसरं आपोआप पुढे सरकतं: पाठलागाचा आकडा, दर फेरीला एकाने वाढणारा. तो १० झाला की डाव हरला. 'अर्कहॅम हॉरर: द कार्ड गेम' या २०१६च्या खेळात हीच रचना दोन वेगळ्या डेकमध्ये बसवलेली आहे. एक डेक खेळाडूंच्या प्रगतीने उलटतं, दुसरं काळ आणि संकट वाढत गेल्याने. खूप विचार करून घडवलेला हा सांगाडा आहे, तो मोकळ्या मनाने वापरा.

'शत्रूचं लाइफ शून्यावर आणा' ही एकमेव विजयाची अट ठेवू नका. कलेक्टिबल कार्ड गेमचं प्रत्येक डेक मुळात त्याच कामासाठी बांधलेलं असतं. अट तीच राहिली तर भिडू नेहमीचाच डाव खेळतील, फक्त समोर माणूस नसेल. वाट पार करायला वेगळं काहीतरी मागा. उदाहरणार्थ, 'नदी' पार करायला भिडूंनी मिळून एकाच फेरीत ३ क्रीचर (लढणाऱ्या प्राण्या-सैनिकांची कार्डं) टॅप करायचे, म्हणजे वापरले म्हणून आडवे करायचे. टॅप केलेले क्रीचर ब्लॉक करू शकत नाहीत, हल्ला अडवू शकत नाहीत, म्हणजे नदी ओलांडताना पाठ उघडी पडते. कथेत जे घडायला हवं ते इथे एकही ओळ न वाचता घडलं.

पोकेमॉनसारख्या खेळात हे आणखी सोपं आहे. तिथे प्रत्येकासमोर ६ प्राइझ कार्डं (समोरचा पोकेमॉन बाद केला की उचलायची) असतातच. त्यांच्या जागी वाटेची कार्डं ठेवली की प्रगती मोजायची सोय आयती मिळते.

सावध: हरण्याची निदान एक अट भिडूंच्या लाइफशी संबंध नसलेली हवी. तसं नसेल तर लाइफ वाढवणारं एकच डेक सगळ्या संकटाची हवा काढून घेतं.

## ३. शत्रूची पाळी

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. शत्रू म्हणजे खेळाडू नव्हे, तो कामांची ठरलेली यादी आहे. ती यादी वाचून कुणालाही, काही न ठरवता, शत्रूची पाळी पूर्ण करता आली पाहिजे.

आधी एक फरक स्पष्ट करून घ्या. मॅजिकच्या २०१०च्या 'आर्चएनिमी' प्रकारात एक खेळाडू ४० लाइफ आणि 'स्कीम'चं वेगळं डेक घेऊन बाकी सगळ्यांशी लढतो. तो खेळ मजेदार आहे, पण एक विरुद्ध अनेक असा आहे, सहकारी नाही. चाहत्यांमध्ये रुजलेला 'होर्ड' प्रकार मात्र खरा सहकारी आहे. शत्रूचं डेक टोकनांनी (साध्या क्रीचरची खूण असलेल्या कार्डांनी) भरलेलं असतं, दर पाळीला टोकन नसलेलं कार्ड येईपर्यंत पत्ते उलटायचे, जेवढी टोकनं निघाली ती सगळी हल्ला करतात. शत्रूला लाइफ नसतं. जेवढं नुकसान होईल तेवढी कार्डं त्याच्या डेकवरून जातात. चालवायला माणूस लागत नाही. २०१३च्या 'फेस द हायड्रा' या तयार डेकमध्ये हायड्राचं एक डोकं मारलं की तिच्या डेकवरची पुढची कार्डं उलटतात आणि त्यांतून नवी डोकी निघू शकतात. प्राण्याचा स्वभाव नियमात कसा उतरवायचा, याचा यापेक्षा सुटसुटीत नमुना मला माहीत नाही.

तुमच्या शत्रूसाठी पुढचे प्रश्न याच क्रमाने सोडवा.

किती कार्डं उलटायची? शत्रूकडे माना (कार्ड खेळायला खर्च करायची शक्ती) नसतो, म्हणून त्याचा वेग ठरतो तो दर फेरीला किती कार्डं उलटतात यावर. दूताच्या डावात पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी १, तिसरीपासून सहावीपर्यंत २, सातवीपासून ३. हा तक्ता मोठ्या अक्षरांत टेबलावर हवा.

आलेला क्रीचर लगेच हल्ला करतो का? होर्डमध्ये करतो. कथाप्रधान डावात मी याच्या विरुद्ध सल्ला देतो: आलेला शत्रू एक फेरी थांबू द्या. सहकारी खेळाचा जीव भिडूंच्या बोलण्यात असतो आणि समोर संकट दिसत असल्याशिवाय बोलायला विषय मिळत नाही. 'पुढच्या फेरीत हे दोघे तुझ्यावर येणार, मी एक अडवतो, तू नदी बघ' ही वाक्यं ऐकू आली पाहिजेत. अचानक घाव घालणारी कार्डं ठेवाच, पण मोजकी. संपूर्ण डेकमध्ये ३-४ पुरेत.

हल्ला कुणावर? इथे बहुतेक जण दोनपैकी एका खड्ड्यात पडतात. 'सगळ्यात कमी लाइफ असलेल्यावर' असं लिहिलं की जो मागे पडलाय तोच आधी बाद होतो. 'सगळ्यात ताकदवान असलेल्यावर' लिहिलं की चांगलं खेळणाऱ्याला शिक्षा होते आणि भिडू मुद्दाम हात आखडता घेतात. हल्ल्याचं लक्ष्य भिडूंच्या हातात असलेल्या एखाद्या गोष्टीवर ठरवा. आपल्या डावात एक मशाल आहे. मशाल ज्याच्याकडे, त्याच्यावर हल्ला. तो वाटेवरचं पुढचं कार्ड आधी बघू शकतो आणि पाळीच्या शेवटी मशाल दुसऱ्याकडे देऊ शकतो. फायदा आणि धोका एकाच वस्तूत आले, आणि 'आता मशाल मी घेतो' हे वाक्य कथेतलं पात्रच बोलेल असं आहे.

ब्लॉक करतो का? साधं उत्तर: नाही. शत्रूचे क्रीचर नेहमी हल्ला करतात, ब्लॉक करत नाहीत. ज्यांनी अडवायलाच हवं त्यांच्या कार्डावर 'पहारेकरी' असा शब्द लिहा. ते हल्ला करत नाहीत, पहिल्या हल्लेखोराला अडवतात. शत्रूने कुणाला अडवायचं याचे गुंतागुंतीचे नियम लिहायला गेलात तर टेबलावर वाद सुरू होतो.

करण्यासारखं काही नसेल तर? प्रत्येक कार्डाला 'नाहीतर' अशी दुसरी ओळ द्या. 'मशाल असलेल्याचा सर्वांत ताकदवान क्रीचर नष्ट करा. क्रीचर नसेल तर पाठलाग १ ने वाढवा.' ही ओळ नसलेलं कार्ड अर्ध्या वेळा वाया जातं आणि शत्रू मूर्ख वाटू लागतो.

यादीच्या शेवटी बरोबरी सोडवणारा एकच नियम लिहा. दोन क्रीचर सारखेच ताकदवान असतील तर कोणता? 'भिडू ठरवतात, मशालवाल्याचा शब्द शेवटचा' हे चालतं. प्रत्येक ठिकाणी फासा टाकायला लावू नका, त्याने वेळ खर्ची पडतो आणि हाती काही लागत नाही.

तपासणी: भिडूंशिवाय, एकट्याने, शत्रूच्या सलग पाच पाळ्या खेळा. एकदाही 'आता याचं काय करायचं?' असा विचार करावा लागला तर तिथला नियम अपुरा आहे. पुढे जाऊ नका.

## ४. छापील कार्डं आणि नसलेला प्रतिस्पर्धी

कलेक्टिबल खेळाची कार्डं समोर माणूस आहे असं धरून लिहिलेली असतात. तुमच्या शत्रूला हात नाही, माना नाही, पसंती नाही. त्यामुळे अनेक कार्डं एकतर निरुपयोगी होतात किंवा भलतीच जालीम. यासाठी एक जुळवणी तक्ता लागतो. नियमपत्रकात त्याला कायमची जागा द्या.

'प्रतिस्पर्धी हातातलं कार्ड टाकतो' असं आलं तर: शत्रूच्या डेकवरचं एक कार्ड उलटून बघा, हवं तर तळाशी ठेवा. ते थेट टाकून देऊ नका, कारण शत्रूचं डेक हेच पुढे कथेचा क्रम ठरवणार आहे. याच कारणाने प्रतिस्पर्ध्याचं डेक रिकामं करणारी कार्डं सरळ बंद करा. 'प्रतिस्पर्धी निवडतो' असेल तिथे भिडूंना सर्वांत गैरसोयीचा पर्याय घ्या. एकमत नसेल तर फासा. 'प्रतिस्पर्धी एक क्रीचर बळी देतो' असेल तर सर्वांत कमी ताकदीचा जातो. काउंटरस्पेल (समोरच्याचं कार्ड रद्द करणारं कार्ड) चालू द्या: शत्रूचं कार्ड उलटल्यावर लगेच, त्याचा परिणाम होण्याआधी. मात्र वळणाच्या कार्डांना, ज्यांच्याबद्दल पुढे येईल, ते लागू नाही.

माना नसलेल्या शत्रूवर त्याच्या माना किंवा लँडवर (माना देणाऱ्या कार्डांवर) घाव घालणारी कार्डं काहीच करत नाहीत. ती बांधून दिलेल्या डेकमधून काढून टाका. जास्तीची पाळी देणारी कार्डंही काढा. तीन भिडूंच्या टेबलावर एकाची जास्तीची पाळी म्हणजे दोघांचं थांबणं.

सगळे क्रीचर एका झटक्यात साफ करणारी कार्डं मात्र बंद करू नका. भिडूंच्या आठवणीत राहणारा क्षण बहुधा त्यांच्यामुळेच येतो. शत्रूचं बळ फक्त क्रीचरमध्ये नसेल, म्हणजे पाठलागाचा आकडा स्वतंत्रपणे वाढत असेल, तर एका सफाईने डाव संपत नाही.

पोकेमॉनमध्ये वेगळी अडचण आहे. तिथे हल्ला समोरच्या ॲक्टिव्ह पोकेमॉनवर होतो, म्हणून शत्रूचीही एक ॲक्टिव्ह जागा हवी आणि ती रिकामी झाली की बेंचवरून (राखीव जागेवरून) कोण पुढे येतो हे ठरलेलं हवं. सर्वांत आधी बेंचवर आलेला पुढे येतो, एवढं पुरतं.

सावध: तक्ता दहा ओळींपलीकडे गेला तर डेकमध्ये नको ती कार्डं आहेत. नियम वाढवू नका, कार्डं बदला.

## ५. भिडूंमधली वाटणी

पाळी सगळ्यांची एकत्र ठेवा: आधी सगळे भिडू, मग शत्रू. मॅजिकच्या 'टू-हेडेड जायंट' प्रकारात दोघांची पाळी एकत्र असते आणि ३० लाइफ सामाईक. तीन भिडूंनाही सामाईक लाइफ चालतं. त्याने कुणी मध्येच बाद होत नाही. मशालीच्या डावात मी लाइफ वेगळं ठेवेन, कारण हल्ला कुणावर येतो याला अर्थ हवा. पण शून्यावर गेलेला भिडू बाद न होता जखमी होतो: तो पुढे खेळतो, दर फेरीला कार्ड ओढत नाही, आणि पाठलाग लगेच २ ने वाढतो. शून्यावर जाण्याची भीती राहते आणि कुणाला उठून जावं लागत नाही.

दुसरी अडचण प्रत्येक सहकारी खेळात येते: अनुभवी भिडू सगळ्यांचे पत्ते खेळायला लागतो. 'सल्ला देऊ नका' असा नियम टिकत नाही. दोन उपाय खरोखर काम करतात. हातातल्या कार्डांबद्दल बोलायचं, पण नाव किंवा आकडा सांगायचा नाही: 'मी एकाला अडवू शकतो' चालेल. आणि प्रत्येकाला एक खाजगी चिठ्ठी द्या, त्यात त्याच्या पात्राची एक गरज लिहिलेली. 'दूताजवळचं पत्र तुला वाचायचंय.' गरज गटाच्या ध्येयाविरुद्ध नसावी, फक्त थोडी बाजूला असावी. विरुद्ध गेली तर तुम्ही फितुरीचा खेळ रचलात, आणि तो वेगळाच प्रकार आहे.

## ६. गणित: वळण कधी येणार

आता आकडे. प्रत्येक बांधून दिलेलं डेक समोर कुणी नाही असं धरून एकट्याने खेळा आणि कितव्या फेरीत ते २० नुकसान पूर्ण करतं ते वहीत लिहा. याला खेळाडू गोल्डफिशिंग म्हणतात. समजा तिन्ही डेक सहाव्या फेरीत पोचतात. म्हणजे मोकळं रान मिळालं तर तोवर तिघांचं मिळून ६० नुकसान. ४० लाइफचा राक्षस याआधीच पडणार. लाइफ १०० केलं तरी त्याचा डावाला काही फायदा नाही, फक्त तेच काम जास्त वेळ करावं लागतं. म्हणून शत्रूचं लाइफ वाढवण्याऐवजी भिडूंचे क्रीचर दुसऱ्या कामांत गुंतवा. नदीने नेमकं तेच केलं.

दुसरं गणित क्रमाचं. शत्रूचं डेक २४ कार्डांचं आहे असं धरा. तिसऱ्या टप्प्यातल्या वेगाने आठ फेऱ्यांत २ + ८ + ६, म्हणजे १६ कार्डं उलटतात. कथेचं महत्त्वाचं कार्ड एकच असेल आणि डेक नुसतं पिसलं, तर ते डावात येण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के. दोन प्रती घातल्या तर सुमारे ९० टक्के. म्हणजे दोन प्रती असूनही साधारण दहातल्या एका डावात तुमचं मुख्य वळण येतच नाही. 'कथा रंगली नाही' अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं.

उपाय: वळणाची ३ कार्डं वेगळी काढा. उरलेल्या २१ चे सात-सातचे तीन ढीग करा. प्रत्येक ढिगात एक वळण घाला, ढीग वेगवेगळे पिसा आणि एकमेकांवर रचा. २००८च्या 'पँडेमिक' या बोर्ड गेममध्ये महामारीची कार्डं अशीच पसरवतात. आता बघा काय होतं: पहिला ढीग पाचव्या फेरीच्या शेवटी संपतो, दुसरा आठव्या फेरीच्या शेवटी. म्हणून पहिलं वळण पाचव्या फेरीपर्यंत नक्की, दुसरं सहावी ते आठवी यांदरम्यान. तिसरा ढीग फक्त रेंगाळणाऱ्या गटालाच दिसतो, म्हणून त्यातलं वळण क्रूर ठेवा: पाठलाग करणाऱ्यांचा म्होरक्या स्वतः येतो.

पहिलं वळण पहिल्याच फेरीत आलं तर डाव बसायच्या आतच उधळतो. ते टाळायला पहिल्या ढिगातली दोन साधी कार्डं बाजूला काढून, ढीग पिसून झाल्यावर सगळ्यात वर ठेवा. आता पहिलं वळण तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या फेरीतच येईल. केव्हा ते तुम्हालाही माहीत नसेल.

तपासणी: पाठलागाचा आकडा दर फेरीला १ ने वाढतो आणि १० ला डाव हरतो. कार्डांमुळे तो आणखी २-३ ने वाढेल असं धरलं तर सातव्या-आठव्या फेरीत गळ्याशी येईल. ठरवलेल्या फेऱ्यांशी हे जुळतं का? जुळत नसेल तर सुरुवातीचा आकडा बदला. कार्डांवरचे मजकूर अजून हलवू नका.

## ७. आता कथा लिहा

इथे पोचल्यावर कथेची बरीचशी जागा आधीच भरलेली असते. मशाल आहे, नदी आहे, जखमी दूत आहे, म्होरक्या येणार आहे. मजकुराचं काम उरतं ते या गोष्टींना चेहरा द्यायचं.

एका वेळी मोठ्याने वाचायचा मजकूर तीन वाक्यांच्या वर नको. सुरुवातीलाही नाही. वाचून झाल्यावर टेबलावर लगेच काहीतरी बदललं पाहिजे: कार्ड उलटलं, काउंटर हलला, नवा क्रीचर आला. ज्या परिच्छेदानंतर काहीच बदलत नाही तो कितीही आवडता असला तरी काढा. कार्डांची नावं मात्र मनापासून द्या. 'शत्रू सैनिक ३/२' आणि 'दूताचा धाकटा भाऊ ३/२' यांचे आकडे (ताकद ३, टिकाव २) एकच आहेत, पण दुसऱ्याला मारायचं की चुकवून जायचं यावर टेबलावर बोलणं होतं.

निवडींबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण कथाप्रधान म्हणवणारे बहुतेक प्रकार इथेच उथळ होतात. '२ लाइफ गमवा किंवा पाठलाग १ ने वाढवा' ही निवड नाही, ही बेरीज-वजाबाकी आहे. हुशार भिडू तिचं उत्तर दोन सेकंदांत काढतो. दोन बाजूंना वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी हव्यात. पूल जाळला तर पाठलाग ३ ने मागे जातो, पण पुढच्या भागात परतीची वाट नाही. पूल राखला तर पूलवाला तुमच्याबरोबर येतो आणि त्याचं कार्ड एका भिडूच्या डेकमध्ये जातं. इथे गणिताने उत्तर निघत नाही, म्हणून भिडू एकमेकांना विचारू लागतात.

परिणामांसाठी झाडासारख्या फांद्या लिहू नका. प्रत्येक भागाच्या शेवटी दोन वाटा फुटल्या तर तीन भागांच्या कथेला १ + २ + ४, म्हणजे ७ भाग लिहावे लागतात, आणि कोणताही गट त्यांतले तीनच खेळतो. त्याऐवजी वहीत नोंदी ठेवा: 'पूल जळाला', 'भाऊ वाचला', 'पत्र उघडलं'. पुढचा भाग एकच लिहा आणि त्याच्या मांडणीत या नोंदी तपासा. 'भाऊ वाचला असेल तर म्होरक्याचं कार्ड काढून त्याजागी हे ठेवा.' एका ओळीचं काम, आणि परिणाम साऱ्या डावभर दिसतो.

हरल्यावर काय, हे आत्ताच लिहा. 'पुन्हा खेळा' हे उत्तर कथेला मारतं. तोच मजकूर दुसऱ्यांदा ऐकायची कुणाला इच्छा नसते. हरलेल्या भागाची वेगळी नोंद हवी: दूत पकडला गेला, पुढचा भाग त्याच्या सुटकेपासून सुरू होतो.

सावध: पुढच्या कोणत्याही भागात जिची तपासणी होत नाही अशी नोंद खोडा. आपला निर्णय कुठेच उपयोगी पडला नाही हे भिडूंच्या लक्षात आलं की पुढच्या निवडीवर ते विचार करत नाहीत.

## ८. भागांच्या मध्ये डेक वाढवणं

एकाच भागाचा डाव असेल तर हा टप्पा सोडा. अनेक भागांची मालिका असेल तर प्रत्येक भागानंतर प्रत्येकाला ३ कार्डं बदलू द्या. डेकची संख्या तीच राहू दे, नुसती भर घालू देऊ नका. बक्षिसाची कार्डं नुसती ताकदवान नकोत, कथेतून आलेली हवीत. जिंकणाऱ्यांना बक्षीस आणि हरणाऱ्यांना काहीच नाही, अशी वाटणी केली तर तिसऱ्या भागापर्यंत डाव एकतर्फी होतो. हरलेल्या गटाला वेगळ्या प्रकारची मदत द्या, जसं की एकदाच वापरता येणारं कार्ड.

## ९. चाचणी

तीन पायऱ्या, याच क्रमाने. आधी एकट्याने सगळे हात उघडे ठेवून. मग ओळखीच्या भिडूंबरोबर, तुम्ही टेबलावर बसून. शेवटी ज्यांनी काही ऐकलेलं नाही अशांच्या हाती नियमपत्रक देऊन, तुम्ही गप्प बसून. तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच नियम फुटतात. प्रश्न विचारला तरी उत्तर देऊ नका. प्रश्न लिहून घ्या, भिडूंनी काय ठरवलं तेही लिहा. पुष्कळदा त्यांचं उत्तर तुमच्या नियमापेक्षा साधं असतं. तेच पत्रकात घाला.

प्रत्येक डावानंतर चारच गोष्टी नोंदवा: कितव्या फेरीत संपला, कशामुळे संपला, वळणं कधी आली, आणि कोण किती वेळ काही न करता बसला. 'मजा आली का?' या प्रश्नाच्या उत्तरातून काही दुरुस्त करता येत नाही. 'कोणत्या क्षणी तुम्हाला आता हरणार असं वाटलं?' हे विचारा. तो क्षण चौथ्या फेरीत येत असेल तर शत्रू लवकर चढतोय, आणि कधीच आला नसेल तर पाठलागाची सुरुवात १ वरून करा.

दोन डावांमध्ये एकच आकडा बदला. आधी उलटायच्या कार्डांचा तक्ता, मग घड्याळाची सुरुवात, त्यानंतरच एखादं कार्ड. भिडूंची संख्या बदलली की शत्रूचे आकडे सरसकट गुणू नका. दोन भिडूंसाठी उलटण्याचा वेग एका फेरीने उशिरा वाढवा आणि नदीला ३ ऐवजी २ क्रीचर पुरू द्या. चार भिडूंसाठी वेग एका फेरीने आधी वाढवा. वेग बदलला की ढीग कितव्या फेरीत संपतात ते पुन्हा मोजा, नाहीतर सहाव्या टप्प्यात बसवलेला वळणांचा क्रम बिघडतो.

## १०. दुसऱ्यांच्या हाती देण्याआधी

नियमपत्रक एका पानात बसवा. शत्रूच्या पाळीची यादी वेगळ्या कार्डावर हवी, कारण डावभर तेच हातात फिरतं. मांडणीचा क्रम आकडे घालून लिहा, विशेषतः तीन ढिगांची रचना. तिथे चूक झाली तर बाकी सगळं बरोबर असूनही डाव कोसळतो. शक्य असेल तर ढीग आधीच वेगळ्या पाकिटांत घालून द्या.

प्रकाशकाची चित्रं, लोगो किंवा छापील कार्डांच्या स्कॅन प्रती तुमच्या कार्डांवर वापरू नका. साधा मजकूर पुरतो. तुमचा प्रकार इतरांना देणार असाल तर त्या प्रकाशकाचं चाहत्यांच्या निर्मितीविषयीचं धोरण आधी वाचा. मॅजिकच्या प्रकाशकाच्या धोरणानुसार असं साहित्य विनामूल्य असावं लागतं.

पत्रकाच्या अगदी वर कथेच्या नावाखाली तीन गोष्टी लिहा: किती भिडू, किती फेऱ्या, कोणती डेक. आणि वळणाच्या कार्डांवर काय आहे याचा उल्लेख मांडणीच्या सूचनांत चुकूनही येऊ देऊ नका. ढीग रचणारा भिडूही शेवटी खेळणारच आहे, म्हणून त्या तीन कार्डांच्या स्लीव्हवर मागून फक्त एक ठिपका काढा आणि 'ठिपका असलेलं कार्ड न बघता एकेका ढिगात घाला' एवढंच लिहा. ठिपका इतका बारीक हवा की डेक रचल्यावर टेबलापलीकडून तो दिसणार नाही.